कावून सर

माझ्या आयुष्यात मी ज्या माणसाला सर्वांत जास्त घाबरले, त्याच्या शर्टाच्या खिशात कायम फुटाणे असत. या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, फाईल भिरकावली नाही, चारचौघांत अपमान केला नाही. तो फक्त एक शब्द विचारायचा. "कावून?" मी चिपळूणची. बीडला येईपर्यंत हा शब्द माझ्या कानांवरून कधी गेला नव्हता. पहिल्या दिवशी राऊंडला मी एका पेशंटची सगळी माहिती घडाघडा सांगितली, डोस सांगितला, किती दिवस उपचार द्यायचे ते सांगितलं, आणि सर दोन फुटाणे तोंडात टाकून म्हणाले, "कावून?" मला वाटलं, एखाद्या औषधाचं नाव असेल. मी म्हटलं, "ते अजून सुरू केलं नाही सर." शेजारी उभा असलेला माझा सहकारी नितीन परभणीचा होता, कावून म्हणजे 'का म्हणून' हे त्याला माहीत होतं. त्याने फाईल तोंडासमोर धरली आणि तिच्याआड तो इतका हसला की त्याला ठसका लागला. सर मात्र हसले नाहीत. "चालू कर," म्हणाले. "आजपास्नं रोज चालू कर."

बीड शहराबाहेरच्या एका कर्करुग्णालयात आम्ही दोघं तीन वर्षं शिकत होतो. किरणांनी कर्करोग बरा करण्याचं आमचं शास्त्र. पुस्तकात त्याला रेडिएशन ऑन्कॉलॉजी म्हणतात आणि आमचे पेशंट त्याला सरळ 'शेक' म्हणतात. आमच्या विभागाचे प्रमुख म्हणजे हे सर. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याचे. घरी शेरडं-मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मोठ्या शहरांत शिकून, तिथल्या बड्या इस्पितळांत नोकरी करून ते परत आले, पण बोलणं जसं नेलं होतं तसंच परत आणलं. मुंबईहून आलेले एक नामवंत डॉक्टर एकदा त्यांच्याशी अर्धा तास इंग्रजीत बोलले. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदं बराबर हाय. पन आमच्याकडं लाईट जाती."

लाईट जाणं हा त्यांचा आवडता विषय होता. आमचं सगळं काम संगणकावर चालतं. पेशंटच्या सी.टी. स्कॅनच्या एकेका चित्रावर गाठीभोवती रेघ काढायची, मग यकृत, मूत्रपिंड, पाठीचा मज्जारज्जू अशा जपायच्या अवयवांभोवती रेघा काढायच्या, आणि त्या रेघांवरून मशीन किरणं कुठे आणि किती सोडायची ते ठरतं. हे कंटूर काढण्यात आमचे दिवसच्या दिवस जात. आणि ऐन रंगात आल्यावर सर मागून येऊन सरळ पडदा बंद करायचे. "लाईट गेली. आता सांग गाठ कुठं हाय?" मग कागद-पेन्सिल घेऊन पेशंटच्या अंगावर बोटांनी मोजून सगळं सांगावं लागे. एकदा नितीन म्हणाला, "सर, आपल्याकडे जनरेटर आहे ना." सर म्हणाले, "तुज्या डोक्यात हाय का बे जनरेटर?"

'बहुतेक' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. बहुतेक गाठ कमी झाली आहे, असं कोणी म्हटलं की ते खिशातून इंच-टेप काढत. हो, इंच-टेप. शिंप्याकडे असते तशी, पिवळी. ती घेऊन आम्हाला पेशंटकडे पिटाळत आणि मोजून आकडा आणायला लावत. त्या काळात मला स्वप्नातसुद्धा कोणी 'बहुतेक' म्हटलं तर दचकून जाग येई. पुढे लग्नाच्या वेळी सासरच्या मंडळींनी विचारलं, मुलगा पसंत आहे का, तेव्हा माझ्या जिभेवर आलेला शब्द मी मोठ्या कष्टाने गिळला.

सरांना पुस्तकी बोलणंही सहन होत नसे. नवा पेशंट आला की त्याला आजार आणि उपचार समजावून सांगायचा असतो आणि मग त्याची संमतीची सही घ्यायची असते. सरांचा नियम असा, की हे समजावणं आधी वॉर्डातल्या रुक्मिणमावशींना सांगून दाखवायचं. मावशी फरशी पुसत. त्यांना पटलं तर पेशंटकडे जायचं, नाहीतर परत तयारी. परीक्षेच्या तोंडी फेरीत मी जेवढी नापास झाले नसते तेवढी मावशींपुढे झाले. नितीन पहिल्यांदा उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, उच्च ऊर्जेचे किरण पेशींच्या गाभ्यावर आघात करतात." मावशींनी फडकं बादलीत पिळलं आणि विचारलं, "म्हंजी एक्सरे का?" नितीन म्हणाला, एक्स-रेच, पण जास्त ताकदीचा. "मंग एकदाच दिऊन टाका की जास्तीचा. गरिबाला रोज कावून बोलावता?" नितीनकडे उत्तर होतं, पण ते मराठीत नव्हतं. शेवटी पंधरा दिवस आमचं ऐकून ऐकून मावशींनीच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला समजावून सांगितलं, "बाबा, पिकात हरळी माजली तर समदं रान पेटवून देता का? रोज जराशी खुरपायची. पिकाला सावरायला सवड द्याची अन् हरळीला द्याची न्हाई. तसं हाय हे." सर दारात उभे होते. आमच्याकडे वळून म्हणाले, "लिवून घ्या. पुस्तकात न्हाई हे." आम्ही खरंच लिहून घेतलं. आजही मी पेशंटना हेच सांगते. चिपळूणला गेले तर फक्त हरळीच्या जागी दुसरं तण घालावं लागेल, एवढंच.

सरांची एक शिकवण मला फार महागात पडली. नांदूरघाटचे एक आजोबा घशाच्या शेकासाठी रोज येत. त्यांना वेळ दिली होती सकाळी दहाची आणि ते यायचे बारा, साडेबाराला. चार दिवस मी पाहिलं. पाचव्या दिवशी मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. घरातून लवकर निघायला काय होतं, तुमच्यामुळे सगळी यादी पुढे ढकलावी लागते, वगैरे. आजोबा मान खाली घालून "चुकलं माय," म्हणत राहिले. सरांनी हे पाहिलं. दुपारी आजोबा निघाले तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "कोकण, पिशवी घी. ह्यांच्यासंगं जा. मुक्काम कर अन् उद्या ह्यांच्यासंगंच ये." मला वाटलं चेष्टा करतायत. पण सर चेष्टा करताना फुटाणे खात आणि या वेळी खिशाला हात लागलेला नव्हता.

मी गेले. वाटेत बस बदलावी लागली. दुसरी बस दीड तासाने आली आणि तीत उभं राहायला जागा होती ती माझ्या एका पायापुरती. घाटात मला मळमळायला लागलं, तर आजोबांनीच खिडकीजवळच्या माणसाला उठवून मला बसवलं आणि घशाला इतकं दुखत असताना, बोटाने खुणा करून, दूर बघ म्हणून सांगितलं. त्यांच्या सुनेने मला भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. आजोबांना मात्र गिळवत नव्हतं. ते भाताची पेज घोटघोट पीत माझ्या ताटाकडे कौतुकाने बघत होते. सकाळी त्यांच्या वस्तीवरून फाट्यापर्यंत पाऊण तास चालत, मग पहिली बस, मग ताटकळणं, मग दुसरी. दवाखान्याच्या दारात मी घड्याळ पाहिलं तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. आणि आम्ही कुठेही एक क्षण वाया घालवला नव्हता. त्या दिवसापासून वेळापत्रक मी करू लागले. कोणाचं गाव कुठे, बस कधी, मग मशीनची वेळ. सरांनी ते पाहून फक्त विचारलं, "अन् टोळी निघायच्या टायमाला?"

हाही एक धडाच होता. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमचे निम्मे पेशंट ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि अशा कोयत्यांची टोळी मुकादमाबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून घाटाखाली जाते. तुम्ही पेशंटला सात आठवड्यांचा शेक लिहून दिला आणि चौथ्या आठवड्यात टोळी निघाली तर पेशंट निघतो. अर्धवट शेक म्हणजे न दिल्यातच जमा. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर, वय आणि वजनाच्या खाली, सर मुकादमाचा फोन नंबर लिहायला लावत. आणि स्वतः फोन करत. "हां मुकादम, मी बोलतोय दवाखान्यातून. तुमचा एक कोयता माझ्याकडं ऱ्हायलाय. महिन्यानं लावून देतो. धार लावायला टाकलाय म्हना." कुणी मुकादम कुरकुरला तर सर त्याला स्वतःच्या तोंडाची तपासणी करायला बोलावत. तंबाखूची गुळणी धरूनच बोलणारी माणसं ती. दोन मुकादम खरंच आले आणि एकाच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा सरांनी वेळेवर पकडला. त्यानंतर त्याच्या टोळीतल्या कोणाला कधी अडचण आली नाही.

तोंडं तपासण्याची सरांना इतकी हौस, की नारायणगडावर यात्रा भरली की ते आम्हाला घेऊन तिकडे जात. बरोबर तीन बॅटऱ्या आणि लाकडी चपट्या काड्यांचा डबा. दर्शनाची रांग लागलेली असे, तिच्या कडेला उभं राहायचं आणि माणसांना "आ" करायला सांगायचं. रांगेतल्या लोकांना वाटे, हा दर्शनाआधीचा काहीतरी विधी आहे. ते अत्यंत श्रद्धेने आ करत. एका आजींनी तोंड दाखवून झाल्यावर नितीनच्या हातावर नारळ ठेवला. एका गृहस्थाने बायको-मुलं, सासू आणि मेहुणा अशी सगळ्यांची तोंडं उघडून दाखवली आणि शेवटी विचारलं, "परसाद कुठं मिळतो?" सरांनी खिशात हात घालून सगळ्यांना दोन-दोन फुटाणे दिले.

हे सगळं ठीक होतं. आमचा खरा कस लागायचा गुरुवारी. दर गुरुवारी सर ओपीडीत येत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत, वर्तमानपत्र उघडत आणि जाहीर करत, "मी आज न्हाई." मग संध्याकाळी पाचपर्यंत ते खरोखर नसत. तीन हातांवर बसलेला माणूस, चष्मा लावलेला, अधूनमधून फुटाणे खाणारा, पण नाही. काहीही विचारलं तरी पान उलटायचा आवाज येई. पेशंटसुद्धा गोंधळत. एकदा एका बाईंनी मला हळूच विचारलं, "त्या मास्तरास्नी ऐकू येत न्हाई का ओ?" सरांचं म्हणणं असं, की तीन वर्षांनी तुम्ही कुठेतरी एकटे असाल, तेव्हा मी नसणारच आहे, तर सवय आत्तापासून करा. म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या वर्षातल्या अशाच एका गुरुवारी नितीन बहिणीच्या लग्नाला गेला होता. अकराच्या सुमारास एक माणूस बायकोला पाठीवर घेऊन आत आला. केज तालुक्यातली, ऊसतोड करणारी, चाळिशीची बाई. हाडांच्या आतल्या मगजाचा कर्करोग तिला झाला होता आणि आमच्याकडे औषधं चालू होती. "परवापास्नं पाय जड पडलेत," नवरा म्हणाला. "काल भिताडाला धरून चालली. आज उभंच ऱ्हाता येईना." मी तिच्या पायांना टाचणी लावून पाहिली, गुडघे वाकवायला सांगितले. पाय हलत होते, पण जेमतेम. पाठीच्या मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. पुस्तकात या प्रसंगाला एक अख्खं प्रकरण आहे आणि त्याचा सारांश एवढाच की घड्याळ चालू आहे. आज काही केलं तर ती चालेल, उद्यापर्यंत थांबलो तर कदाचित कधीच नाही.

मी वळून पाहिलं. "सर..."

पान उलटलं.

मला त्या क्षणी त्या वर्तमानपत्राचा इतका राग आला की ते ओढून घ्यावंसं वाटलं. पण ती बाई माझ्याकडे बघत होती, खुर्चीतल्या माणसाकडे नाही. मी सूज उतरवणारं इंजेक्शन लगेच द्यायला सांगितलं. पाठीचा एमआरआय करून घेतला. मणक्याच्या सर्जनना फोन लावला. त्यांनी चित्रं मागवून पाहिली आणि म्हणाले, हाडं जागोजाग पोखरली आहेत, ऑपरेशनने फार साधणार नाही, तुमचा हा आजार शेकाला लवकर दबतो, तुम्हीच लवकर करा. आता प्रश्न मशीनचा. दिवसाची यादी भरलेली. मशीन चालवणारे आमचे तंत्रज्ञ माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "आज कसं बसणार? बरं, सरांना विचारू का?" सर तिथून दिसत होते. त्यांचे पाय तर स्पष्ट दिसत होते.

"सर आज नाहीत," मी म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "मी सांगते. शेवटचे तीन पेशंट उद्या सकाळी घेऊ. त्यांना मी स्वतः जाऊन सांगते. हिला आज घ्यायचं."

त्या तिघांना जाऊन सांगितलं. दोघांनी मान डोलावली. तिसरे काका गेवराईहून आले होते, ते चिडले. मी त्यांना त्या बाईकडे घेऊन गेले. त्यांनी एकदा तिच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे, आणि टोपी सारखी करत म्हणाले, "माझा शेक उद्या जरी ऱ्हायला तरी चालंल." मग सी.टी., मग रेघा. साडेतीनच्या सुमारास सर उठून बाथरूमला गेलेले मला दिसले आणि जे नाहीत त्यांना बाथरूम बरी लागते, असा कडवट विचार माझ्या मनात आला. चार वाजून दहा मिनिटांनी ती बाई मशीनखाली होती.

पाच वाजता सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि माझ्यासमोर येऊन बसले. "वरचा मणका बी घेतलास. कावून?" मी सांगितलं. "डोस येवढाच कावून?" मी सांगितलं. "सर्जनला आधी इचारलं. शेक आधी कावून न्हाई दिला?" सांगितलं. असं अर्धा तास. एकदाही मी अडखळले नाही, कारण दिवसभर प्रत्येक पायरीला तोच शब्द मी स्वतःला विचारत आले होते. शेवटी त्यांनी "हं" केलं, खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर मूठभर फुटाणे ठेवले. दोन नव्हे, मूठभर. मी हॉस्टेलवर जाऊन रडले आणि रडत रडत सगळे खाल्ले.

ती बाई दोन आठवड्यांनी भिंतीला धरून चालली आणि सहाव्या आठवड्यात ओपीडीत स्वतःच्या पायांनी आली. खूप पुढे, मी शिक्षण संपवून निघाले त्या दिवशी, आमच्या यंत्रांचा हिशेब बघणारे फिजिसिस्ट मला म्हणाले, "त्या दिवशी साडेतीनला सर माझ्याकडे आले होते. तुमच्या प्लॅनची एकेक रेघ त्यांनी तपासली. दर गुरुवारी येतात. म्हणतात, पोरांना सांगू नका." म्हणजे तीन वर्षं आम्ही एकटे कधी नव्हतोच. सर आमच्या प्रत्येक रेघेमागे उभे होते आणि फक्त आम्हाला ते दिसू नये याची काळजी घेत होते. मी नितीनला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "मला वाटायचं सरांना मूत्रपिंडाचा काहीतरी त्रास आहे."

मी अंबाजोगाईच्या एका छोट्या केंद्रात रुजू झाले. पहिले काही महिने अडलं की सरांना फोन करायचे. ते उचलत नसत. संध्याकाळी सहाला त्यांचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काय केलंस?" काय करू असं विचारायची वेळ तोपर्यंत निघून गेलेली असायची आणि मी काहीतरी केलेलं असायचं. हळूहळू फोन कमी झाले. सर निवृत्त झाले. चकलांब्यात राहायला गेले, असं ऐकलं.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. ओपीडीत गर्दी होती. मी पुढचं नाव पुकारायला सांगितलं आणि दारातून एक सत्तरीच्या आजी आत आल्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, चालणं ताठ. त्यांच्या मागे पिशवी घेऊन सर. मी खुर्ची मागे पडेल इतक्या जोरात उठले. "सर, तुम्ही बाहेर रांगेत बसला होता?"

"नंबर सतरावा होता," सर म्हणाले. "बस. ही माझी थोरली बहीण. अक्का."

अक्कांना स्तनाचा कर्करोग झाला होता. बीडला ऑपरेशन झालं होतं, जखम भरली होती, आता शेक घ्यायचा होता. मी विचारलं, बीडला का नाही घेतला? तिथे तर सगळं सरांचंच.

"म्हनूनच न्हाई घेतला," सर म्हणाले. "तिथं समदे माझ्या तोंडाकडं बघून रेघा काढतील. तू बी घाबरतीस मला. पन घाबरून तुझंच करतीस."

"ह्याला कोन घाबरतंय?" अक्का मध्येच म्हणाल्या. "शेरडाला घाबरायचा हा. बोकड अंगावर आला की माझ्या पदरात. म्हनून म्हनलं, जा बाबा तू साळंत, शेरडं मी बघते." त्या हसल्या. सर हसले नाहीत. ते टेबलावरच्या कागदवजनाकडे बघत होते. मग अक्का माझा हात धरून म्हणाल्या, "त्यो म्हनला, माझ्या हाताखालचीच पोरगी हाय, भिऊ नको. मी कशाला भिऊ? भ्यालाय त्योच. चार रात्री झोपला न्हाई."

दोन दिवसांनी प्लॅन तयार झाल्यावर मी संगणकाचा पडदा सरांकडे वळवला. सवयीनेच. छातीवर सोडलेली किरणं हृदयाला किती कमी लागतील हे मी दोन दिवस खपून साधलं होतं आणि मला ते त्यांना दाखवायचं होतं. सरांनी मान दुसरीकडे वळवली. "चष्मा आनला न्हाई मी," म्हणाले. चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. मी पडदा परत माझ्याकडे वळवला.

मग अक्का कपडे बदलायला आत गेल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. सर खुर्चीच्या कडेवर बसले होते, पिशवी मांडीवर घट्ट धरून. आणि हजारो माणसांना ज्याने हा उपचार दिला, ज्याच्याकडून मी त्यातली अक्षर न् अक्षर शिकले, त्या माणसाने मला विचारलं, "तिला दुखंल का गं?"

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. म्हटलं, मशीनखाली काहीच दुखणार नाही. दुसऱ्या आठवड्यात कातडी थोडी लाल होईल, उन्हात गेल्यावर होते तशी. सैल सुती कपडे घाला, साबण लावू नका. थकवा येईल, झोपू द्या. सर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मध्येच त्यांनी "अन् जेवन?" असं विचारलं. मी म्हटलं, जेवण नेहमीचंच. त्यांनी सुस्कारा टाकला, जणू हे त्यांना कोणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं.

अक्कांनी पंधरा दिवस शेक घेतला. इथे एका नातलगांकडे दोघं उतरले होते. रोज सकाळी बाकावर बसून अक्का आजूबाजूच्या बायकांना सरांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत, आणि सर शेजारी बसून निमूट ऐकत. एकदा मी बाहेर आले तर अख्खा बाक हसत होता आणि सरांचे कान लाल झाले होते. कातडी लाल झाली, थोडी सोलवटली, मग सुकायला लागली. शेवटच्या दिवशी मी तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. मी अक्कांना सांगितलं, आता तीन महिन्यांनी दाखवायला या. तारखेचं कार्ड लिहून पुढे केलं.

कार्ड सरांनी घेतलं. चष्मा लावून तारीख दोनदा वाचली. मग ते खिशात ठेवलं आणि वरून हात फिरवून नीट बसलंय याची खात्री केली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण बाहेर पेशंट खोळंबले होते आणि सरांनाही ते माहीत होतं. "येतो," म्हणाले, आणि पिशवी उचलून अक्कांच्या मागे निघाले.

दार उघडंच राहिलं होतं. जिन्यावरून अक्कांचा खणखणीत आवाज येत होता. "कवा यायचं म्हनली रं?"

"तीन महिन्यांनी, अक्का."

"म्हंजी कवा?"

"संक्रांतीच्या म्होरं."

"कार्ड घेतलंस न्हवं?"

"घेतलं."

"बघू, दाव."

मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. जिन्यात थांबून ते बहुधा कार्ड काढून दाखवत असावेत. मी पुढचं नाव पुकारायला सांगितलं नाही. त्यांची पावलं पुन्हा वाजायला लागली, खालच्या पायरीपर्यंत गेली, तोपर्यंत मी तशीच बसून राहिले.